हवेचा हिशेब आणि घराचा पत्ता

हल्लीं सरकारी आणि निमसरकारी उपदेशास एक नवा विषय सांपडला आहे. खोलींतून बाहेर पडतांना दिवा मालवा, पंखा बंद करा, घरटीं एक झाड लावा, जवळच्या कामास सायकलनें जा, म्हणजे पृथ्वीचें तापमान आटोक्यांत राहील, असें भिंतीभिंतींवर लिहिलेलें आढळतें. आणि शाळेंतल्या मुलांकडून त्याच अर्थाच्या प्रतिज्ञा वदवून घेतल्या जातात. या उपदेशांत खोटें असें कांहीं नाहीं. दिवा मालवावा हें खरेंच. परंतु ज्या घरांत भर दुपारीं दिवा लावल्यावांचून ताटांतला भात दिसत नाहीं, त्या घरच्या गृहिणीस दिवा मालवण्याचा उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा? आणि ज्याचें घर कामाच्या ठिकाणापासून दोन तासांच्या वाटेवर नेऊन टाकलें आहे, त्यास सायकलचें माहात्म्य सांगणें ही थट्टा नव्हे काय? आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एखाद्या कुटुंबाच्या राहणीमुळें हवेंत किती कार्बन डायऑक्साइड (ज्यास आम्ही येथें सोयीसाठीं कर्बवायू म्हणूं) मिसळावयाचा, याचा बराच मोठा निकाल तें कुटुंब घरांत राहावयास येण्यापूर्वींच लागलेला असतो. घर कोठें बांधलें, शेजारच्या इमारतीपासून किती अंतरावर बांधलें, त्याच्या तळाशीं गाड्यांसाठीं किती जागा अडविली, आणि तें बांधण्यासाठीं आधींचें काय पाडलें, या चार प्रश्नांचीं उत्तरें राहणारा देत नाहीं. तीं नगररचनेच्या नकाशांत आणि बांधकामाच्या नियमावलींत छापलेलीं असतात. आणि तो नकाशा व ती नियमावली सरकारच्या सहीनें निघते. म्हणून जाब विचारावयाचा तो प्रथम सहीस विचारला पाहिजे, दिव्याच्या बटनास मागाहून.

आंकडे काय सांगतात तें पाहावें. मुंबई महानगरपालिकेनें २०२२ च्या मार्चमध्यें आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० सालापर्यंत शहराचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. देशाचें उद्दिष्ट २०७० सालचें आहे. मुंबईनें त्याच्या वीस वर्षें आधीं पोहोंचण्याचें मनावर घेतलें, ही गोष्ट अभिनंदनीयच. त्या आराखड्यांतील २०१९ सालच्या हिशेबाप्रमाणें इमारती व उद्योग यांत खर्च होणारी वीज व इंधन यांचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० टक्के, आणि कचऱ्याचा ८ टक्के आहे. मुंबईची वीज बहुतांशीं कोळशाची. म्हणजे शंभरांतील ब्याण्णव भाग घर, कचेरी, कारखाना आणि त्यांच्यामधला रस्ता यांतून निघतात. हे भाग कमी करावयाचे तर नगररचनेहून मोठें शस्त्र सरकारच्या हातीं दुसरें कोणतें आहे?

त्या शस्त्राचा उपयोग कसा झाला, याचें बोलकें उदाहरण म्हणजे मुंबईचें गिरणगांव. १९८२ च्या संपानंतर कापडाच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि परळ, लालबाग, वरळी या टापूंत सुमारें ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. ही जमीन सामान्य नव्हे. एका अंगास पश्चिम रेल्वे, दुसऱ्या अंगास मध्य रेल्वे. करी रोड, चिंचपोकळी, परळ, महालक्ष्मी हीं स्टेशनें पायीं जाण्याच्या अंतरावर. कामकरी माणसानें गाडीवांचून राहावें अशी वस्ती वसविण्यास याहून योग्य भूमि शोधून सांपडावयाची नाहीं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत या जमिनीविषयीं एक शहाणपणाचें कलम होतें. पुनर्विकास करतांना ढोबळ मानानें एक तृतीयांश जागा मैदानें व उद्यानें यांसाठीं महापालिकेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठीं म्हाडास, आणि एक तृतीयांश मालकास मिळावयाची होती. २००१ सालीं या कलमांत असा फेरफार झाला कीं, वाटणी सगळ्या जमिनीची न होतां आवारांत आधींपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांचीच व्हावी. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें याविरुद्ध कौल दिला. २००६ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. फेरफार कायदेशीर ठरला. परंतु जें कायदेशीर तें शहाणपणाचें, असा सिद्धांत अजून कोणत्याहि शास्त्रांत मांडलेला आम्हीं वाचला नाहीं.

पुढें काय झालें तें लोअर परळच्या पुलावरून दिसतें. गिरणीच्या धुराड्याच्या जागीं कांचेचे मनोरे उभे राहिले. जेथें ऊन्ह आठ-नऊ महिने तापतें, तेथें कांचेची भिंत उभारावयाची, आणि आंत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठीं दिवसभर वातानुकूलन यंत्रें चालवावयाचीं! घरासाठीं अर्ज करणारे गिरणीकामगार व त्यांचे वारस सुमारें दीड लाख. त्यांपैकीं थोड्यांस गिरणगांवांत घरें मिळालीं. बाकीच्यांपैकीं कित्येकांसाठीं २०१६ सालीं पनवेलजवळील कोन येथील घरांची सोडत निघाली. आणि अलीकडे, २०२४ पासून, वांगणी व शेलू हीं नांवें पुढें करण्यांत आलीं. हीं स्थळें मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून लोहमार्गानें ७० किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. कामगारांनीं २०२५ च्या जुलैंत आझाद मैदानावर जमून याला विरोध केला, तो केवळ हट्ट म्हणून नव्हे. ज्या जमिनीवर त्यांच्या दोन पिढ्या राबल्या, ती दोन रेल्वेंच्या मध्यें होती, आणि तिचा उपयोग कोणास झाला हें ते डोळ्यांनीं पाहत होते.

यावर कोणी चतुर मनुष्य म्हणेल, "वांगणीचा कामगार लोकलनें येईल, लोकल विजेवर चालते, तिच्यांत हजारों माणसें मावतात, मग त्यांत कर्बवायूचा प्रश्न कोठें आला?" आक्षेप वरवर खरा आहे. गरिबाच्या प्रवासानें हवा फारशी बिघडत नाहींच. बिघाड दुसऱ्या दोन ठिकाणीं होतो. एक असा कीं, स्टेशनाजवळची जागा ज्यांस दिली ते स्टेशनावर जात नाहींत. त्यांची गाडी तळघरांत तयार असते. पायीं चालणाऱ्यास दूर धाडून गाडीवाल्यास स्टेशनाशेजारीं बसविणें, यालाच नगररचना म्हणावयाचें असेल तर अव्यवस्था कशास म्हणावें? दुसरें असें कीं, कामापासून फार दूर बांधलेलें घर पुष्कळदां रिकामें राहतें. २०११ च्या शिरगणतींत देशाच्या शहरांतून १ कोटी १० लाखांच्या वर घरें रिकामीं आढळलीं. तीं सर्वच दूरचीं होतीं असें नव्हे. परंतु जें घर रिकामें राहिलें, त्याचें सिमेंट आणि पोलाद भट्टींतून निघतांना जो कर्बवायू हवेंत गेला तो गेलाच. त्या घरांत कोणी दिवा लावो न लावो, त्याचा दोष फिटत नाहीं.

आतां गाड्यांच्या जागेकडे वळूं. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत सरकारनें स्वतःच सांगितलें कीं, रस्त्यांचा विचार वाहनांच्या दृष्टीनें न करतां माणसांच्या दृष्टीनें करावा. तत्त्व उत्तम. परंतु २०१८ सालीं अमलांत आलेल्या मुंबईच्या नियमावलीनें ९० चौरस मीटरांहून मोठ्या सदनिकेमागें दोन गाड्यांची जागा ठेवणें बंधनकारक केलें. मालकाची इच्छा असो वा नसो. एका मोठ्या गाडीची जागा २.५ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब. दोहोंची मिळून २७.५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३०० चौरस फूट. आणि झोपडपट्टी पुनर्वसनांत एका सबंध कुटुंबास मिळणारें घर केवढें? तेंहि ३०० चौरस फुटांचेंच! एका घराच्या दोन गाड्या आणि दुसऱ्या घरचीं पांच माणसें यांस सरकारी मापानें सारखीच जागा लागते, हें आमच्या नियमावलीनें सिद्ध केलें आहे. शिवाय गाड्यांची ही जागा चटईक्षेत्रांत धरीत नाहींत. माणसाच्या खोलीची मात्र इंचाइंचानें मोजणी होते. लंडन शहरानें २००४ सालीं हा नियम उलटा केला: किमान इतक्या गाड्यांची जागा ठेवावी असें न म्हणतां, इतक्यांहून अधिकांची ठेवूं नये असें म्हटलें. आम्ही इंग्रजांचे पुष्कळ नियम नको तितके दिवस जपून ठेविले. हा घेण्यासारखा नियम मात्र नेमका सोडला.

उजेडाची कथा तर याहून उद्वेगजनक आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या संस्थेचे दोष थोडे नव्हते. तिनें गरिबांचीं घरें पाडलीं पुष्कळ आणि बांधलीं त्या मानानें कमी. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तिचे अध्यक्ष ऑर यांनीं एका नियमाचा सतत पुरस्कार केला: खोलींत उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीचा कोन ६३.५ अंशांहून अधिक असूं नये. म्हणजे इमारतीची उंची पुढच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. या हिशेबानें २२ मीटर उंच इमारतीपुढें ११ मीटर मोकळी जागा हवी. शंभर वर्षांनंतर मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजल्यांच्या इमारती कांहीं ठिकाणीं अवघ्या ३ मीटर अंतरावर उभ्या केल्या गेल्या. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा वसाहतींच्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचें प्रमाण अधिक आढळलें, आणि त्याचा संबंध ऊन्ह व वारा यांच्या अभावाशीं जोडण्यांत आला. जेथें क्षयास जागा मिळते तेथें विजेचें बिलहि वाढतें, कारण दिवा आणि पंखा अष्टौप्रहर चालूच ठेवावा लागतो. एकाच नियमानें आरोग्य व हवा या दोहोंचें रक्षण झालें असतें. एकाच सवलतीनें दोहोंचा घात झाला.

केंद्र सरकारनें २०१८ च्या डिसेंबरांत 'इको-निवास संहिता' काढली. भिंत, छप्पर व खिडकी यांतून किती उष्णता घरांत यावी याचें माप तींत दिलें आहे. २०१९ च्या मार्चमध्यें निघालेल्या शीतकरण आराखड्यांत त्याच सरकारनें असा अंदाज दिला कीं, २०१७-१८ च्या मानानें २०३७-३८ पर्यंत देशांतील थंडाव्याची मागणी सुमारें आठपट होईल. म्हणजे संकटाची जाण आहे आणि उपायहि ठाऊक आहे. परंतु संहिता छापणें निराळें आणि परवानगी देणाऱ्या टेबलावर तिचा अंमल होणें निराळें. जें सरकार स्वतः लाखों घरें बांधवितें, त्यानें प्रथम स्वतःच्या घरांस हें माप लावावें. बिल्डरास उपदेश नंतर करावा.

शेवटला मुद्दा आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस कडू लागेल. जगांत माणसाच्या हातून निघणाऱ्या कर्बवायूचा ७ ते ८ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून चुनखडी भाजतांना तिच्यांतूनच निघणारा असतो. असें असतां पुण्या-मुंबईंतील चाळीस वर्षांच्या चार मजली इमारती, ज्यांची डागडुजी होऊं शकते त्यासुद्धां, धडाधड पाडल्या जात आहेत. कारण पाडल्यास वाढीव चटईक्षेत्राचें बक्षीस आहे, नीट राखल्यास तसें कांहीं नाहीं. पॅट्रिक गेडीस हे १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्र या विभागाचे प्रमुख झाले. जुन्या वस्तीवर कुऱ्हाड न चालवितां वैद्याच्या हलक्या हातानें शस्त्रक्रिया करावी, हें त्यांच्या शिकवणुकीचें सार होतें. त्यांस आम्हीं ग्रंथालयांत ठेविलें, आणि सोसायटीच्या सभेंत एक अधिक खोली व दोन गाड्यांची जागा यांच्या बाजूनें हात वर केले. धोकादायक इमारत पाडावीच लागते, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो सुदृढ इमारतीस मरणपंथास लावणाऱ्या बक्षिसाशीं.

"आपल्या देशाचा दरडोई कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी, मग हा खटाटोप आम्हीं कां करावा?" असें कोणी विचारतात. श्रीमंत राष्ट्रांनीं आधीं आपला वाटा कमी करावा हें न्यायाचेंच आहे. परंतु या लेखांत आम्हीं मागितलें काय? कामकऱ्यास कामाजवळ घर, गृहिणीस खिडकींतून उजेड, मुलास क्षयापासून संरक्षण, आणि धड इमारतीस आयुष्य. पृथ्वी तापत नसती तरीहि हें मागणें योग्यच ठरलें असतें.

तेव्हां सरकारकडे आमचें मागणें स्पष्ट आहे. स्टेशनांजवळची जी सार्वजनिक जमीन उरली आहे, तिच्यावर प्रथम हक्क पायीं चालणाऱ्यांच्या घरांचा असावा. गाड्यांच्या जागेची सक्ती काढून तिला मर्यादा घालावी. मोकळ्या जागेच्या व उष्णतेच्या मापांत सवलत देण्याचा अधिकार कोणासहि नसावा, आणि गरिबांच्या घरांच्या बाबतींत तर मुळींच नसावा. पाडण्यास जें बक्षीस आहे, त्यांतला कांहीं भाग दुरुस्तीस द्यावा. हें होईपर्यंत भिंतीवरचे उपदेश पुसून टाकले तरी चालतील. निदान त्या रंगाचा खर्च तरी वांचेल.