सहकुटुंब भोजन

शहरातील एका नामांकित म्हणविणाऱ्या भोजनगृहात नुकतेच सहकुटुंब जाण्याचा योग आला, आणि ज्या ताटाची ख्याती ‘अस्सल महाराष्ट्रीय’ म्हणून फलकावर मिरवत होती त्याची डावी बाजू कोशिंबिरीवाचून जवळजवळ रिती, भरली वांगी गोडमिट्ट, अळूच्या फदफद्यात दाण्यांचा वा हरभऱ्याच्या डाळीचा मागमूस नाही, आणि ज्यावर तुपाची धार पडल्याखेरीज आपल्याकडे जेवणास आरंभच होत नाही तो वरणभात पोळ्यांनंतर, तोही निवलेला, असा एकंदर बेत पाहून आमच्या मातोश्रींनी निमूटपणे ताकाची वाटी तेवढी पुढे ओढली. (ताकही आंबटच होते.)

पाकदोष एक वेळ क्षम्य मानता येईल. रविवारची गर्दी आणि आचाऱ्यांची टंचाई ही कारणे सर्वथा खोटी नव्हेत. अक्षम्य वाटला तो हिशेब. पाच टक्के वस्तू व सेवा कर हा सरकारी वसूल, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्यासोबत ‘सेवाशुल्क’ म्हणून दहा टक्के बिनदिक्कत दाखल केलेले होते, आणि विचारणा करताच व्यवस्थापकांनी कायद्याचा हवाला दिला. वस्तुतः केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे शुल्क देयकात परस्पर जोडण्यास ४ जुलै २०२२ रोजीच मनाई केली असून, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे कायम राखली आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नुसता उल्लेख होताच ती रक्कम मुकाट्याने वजा झाली. वाढप्यास मात्र आम्ही आपखुशीने बक्षिसी दिली. वरणभात निवविण्यात त्याचा काही हात नव्हता.