गडाला चोपदार हवा

पौषातील शाकंभरी पौर्णिमा जवळ आली की सातारा-पुण्याच्या खेड्यापाड्यांतून आणि मुंबईच्या वस्त्यांतून माणसांचे लोंढे मांढरदेवच्या डोंगराकडे वळतात. वाईपासून सुमारे वीस किलोमीटरवर, साडेचार हजार फुटांहून अधिक उंचीवर काळूबाईचे ठाणे आहे. वर्षभर घाम गाळणारा कष्टकरी समाज नवस फेडण्यासाठी, लेकराबाळांना आईच्या पायांवर घालण्यासाठी हा डोंगर चढतो. या श्रद्धेला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र या श्रद्धेच्या वाटेवर किती प्राण सांडले, याचा हिशेब श्रद्धावंत समाजानेच मांडला पाहिजे.

२५ जानेवारी २००५ या दिवशी याच डोंगरावर जवळजवळ तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी होती. काही जण घसरले, त्यांच्यावर मागचे कोसळले. संतप्त जमावाने दुकाने पेटविली, गॅसच्या टाक्या फुटल्या आणि आगीच्या भीतीने उरलासुरला धीरही सुटला. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुलांची संख्या मोठी होती.

हे संकट मांढरदेवपुरते राहिले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये हिमाचलातील नैनादेवीच्या डोंगरावर दरड कोसळल्याची अफवा उठली आणि सुमारे दीडशे भाविक दगावले. त्याच वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावरील चामुंडादेवीच्या वाटेवर दोनशेहून अधिक जण गेले. १ जानेवारी २०२२ च्या पहाटे वैष्णोदेवीच्या दारी बारा जणांचा चेंगरून मृत्यू झाला. २७ जुलै २०२५ रोजी हरिद्वारच्या मनसादेवीच्या पायऱ्यांवर वीजप्रवाह उतरल्याची आवई उठली आणि आठ जण प्राणांस मुकले. वैष्णोदेवीला १९८६ पासून स्वतंत्र मंडळाचा कारभार आहे, यात्रेकरूंची नोंदणी आहे. तरीही एका पहाटे ती व्यवस्था अपुरी पडली.

अशा प्रत्येक घटनेनंतर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग नाके मुरडून सारा दोष अंधश्रद्धेवर ढकलतो. जणू रेल्वेच्या पुलावर आणि क्रीडांगणाच्या दारात माणसे चेंगरून मरतच नाहीत! दुसरा वर्ग ‘देवीची इच्छा’ म्हणून हात जोडतो आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेने निघतो. दोघांनाही आपली जबाबदारी टाळायची असते. आपले लेकरू पायाखाली तुडविले जावे, अशी इच्छा कोणती आई करील?

मांढरदेव आणि चामुंडादेवी, नैनादेवी आणि मनसादेवी यांच्या कथा एकत्र ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. माणसांची प्रचंड गर्दी होती. पण ‘थांबा’ म्हणणारा आणि ज्याचे ऐकावे असा आवाज त्या ठिकाणी नव्हता. अफवेला उत्तर देणारे कोणी नसले की अफवाच गर्दीची नेता होते.

महाराष्ट्राला याचे उत्तर बाहेरून आणावे लागणार नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरले, प्रत्येकीची जागा ठरली. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर जातो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोडगा काढतो. या शांततेसाठी लाठी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आणि स्वतःहून पाळलेली मर्यादा तिथे पुरेशी ठरते.

देवीच्या गडांना असाच चोपदार हवा आहे. रस्ता रुंद करणे, चढणारी व उतरणारी वाट वेगळी ठेवणे, वाटेवरची दुकाने हटविणे, मावतील तितकेच भाविक वर सोडणे हे प्रशासनाचे आणि देवस्थानांचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाल्यास जाब विचारलाच पाहिजे. मांढरदेवला दुर्घटनेनंतर यात्राकाळात पशुबळी आणि वाद्यांवर निर्बंध आले. परंतु पायरीपायरीवर उभा राहणारा, वृद्धेला हात देणारा, अफवा कानी पडताच ‘काही झालेले नाही, जागीच थांबा’ असे ठामपणे सांगणारा प्रशिक्षित तरुण हुकुमाने मिळत नाही. तो पंचक्रोशीतील गावांनी, भजनी मंडळांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी घडवावा लागतो. यात्रेआधी आठ दिवस सराव आणि यात्रेचे तीन दिवस सेवा, एवढेच त्यासाठी पुरे.

कुटुंबांनाही काही पथ्ये पाळता येतील. आई पौर्णिमेलाच गडावर असते असे नाही. तान्ह्या मुलांना आणि थकलेल्या आईवडिलांना घेऊन इतर दिवशी गेल्याने नवस अपुरा राहत नाही. नारळ नेमून दिलेल्या जागीच फोडावा. ओळखीच्या जोरावर रांग मोडून मिळविलेले दर्शन हे मागच्या हजारोंवर टाकलेले ओझे असते, हेही ध्यानी असावे.

गड चढणारा प्रत्येक जण आईच्या घरी निघालेला असतो. त्याला सुखरूप घरी परत पोहोचविणे हीदेखील त्या आईचीच पूजा होय.