गोळीचा हिशेब कोण देणार?

गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर आठवीतल्या एका मुलीची अम्मी मागे थांबली. मुलगी गोळाफेकीत तालुक्यात पहिली आलेली. आता तिला वेटलिफ्टिंग शिकायचे आहे. अम्मीने हळू आवाजात विचारले, "मॅडम, वहाँ सुई-वुई तो नै देते ना? इसके अब्बा मना कर रहे."

प्रश्न रास्त होता. आमच्या नायगावात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेही 'कोणती पावडर चांगली' हे एकमेकांना विचारतात, डॉक्टरांना नाही. मी त्या माऊलीला संजिता चानूची हकीकत सांगितली. तीच आज इथे लिहिते.

संजिता मणिपूरमधल्या काकचिंगची. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, विसाव्या वर्षी, तिने 48 किलो गटात एकूण 173 किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले. दुसरी आली मीराबाई चानू. 2018 साली गोल्ड कोस्टला 53 किलो गटात 192 किलो उचलून तिने पुन्हा सुवर्ण जिंकले.

पुढच्याच महिन्यात बातमी आली. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन सापडले होते. तिच्यावर तात्पुरती बंदी आली. आपण काही घेतले नाही, असे ती सांगत राहिली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पत्रात तिच्या नमुन्याचे दोन वेगवेगळे क्रमांक होते. जानेवारी 2019 मध्ये बंदी उठली आणि जून 2020 मध्ये, नमुना हाताळण्यात त्रुटी राहिल्या म्हणून, आरोपच मागे घेतला गेला. तोवर जकार्ताची आशियाई स्पर्धा हातची गेली होती, अर्जुन पुरस्कारही अडून राहिला होता. आरोप झाला तेव्हा बातमी घरोघरी पोचली. सुटका किती जणांनी वाचली? तेव्हा शाळा बंद होत्या. मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी टाकली आणि लिहिले, 'मुलींनो, धीर धरला की इन्साफ मिळतो.'

तीन वर्षांनी मला याच गोष्टीचा दुसरा भाग मुलींना सांगावा लागला. 2022 च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत संजिताने रौप्य मिळवले. तिथल्या चाचणीत ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड सापडले. 2023 मध्ये 'नाडा'च्या शिस्तपालन समितीने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. पदकही गेले.

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पहिल्या वेळीही तिने घेतलेच असेल." मी म्हटले, नाही बेटा. पहिला आरोप टिकला नाही, तो आता उकरून तिच्या माथी मारता येणार नाही. आणि तेव्हा अन्याय झाला म्हणून आताची चूक धुऊनही निघत नाही. प्रत्येक वेळेचा पुरावा वेगळा, निकालही वेगळा. आपल्या मोहल्ल्यात मुलींबद्दल बोलताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ.

या खेळातला कायदा कडक आहे. नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले की जबाबदार खेळाडूच. प्रशिक्षकाने दिले, मैत्रिणीने दिले, पावडरीत मिसळलेले होते, हे सिद्ध करण्याचे ओझेही तिच्यावरच. अशा स्टेरॉइडसाठी साधारण चार वर्षांची बंदी असते. मुलीच्या उमेदीची चार वर्षे! शिवाय शरीराचे नुकसान वेगळे. आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते, यकृतावर परिणाम होतो. औषध थांबवले तरी बदललेला आवाज बहुधा परत येत नाही.

म्हणून पालकांनी काही गोष्टी पाळाव्यात. जिममध्ये कुणाच्याही हातून इंजेक्शन घेऊ देऊ नये. पावडरीचा डबा आणला तर त्यावरचे नाव-पत्ता वाचावे, बिल जपून ठेवावे. तरीही डब्यावर न छापलेले द्रव्य आत असू शकते, हे विसरू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मुलगी स्पर्धा खेळते' हे आधी सांगावे, कारण सर्दीच्या काही गोळ्यांतही स्पर्धेच्या काळात बंदी असलेली द्रव्ये असतात. आजारासाठी असे औषध घ्यावेच लागले तर त्याची रीतसर परवानगी मागता येते. आठवीतल्या मुलीला डाळ, अंडी, दूध, ज्वारीची भाकरी आणि पुरेशी झोप मिळाली तरी सुरुवातीला खूप झाले.

शरीर ही अमानत आहे, असे आपण घरात मुलांना सांगतो. मग त्या अमानतीत काय जाते याची चौकशी मोठ्यांनीही करायला हवी. तेरा वर्षांच्या पोरीने एकटीने ती कशी करावी?

त्या मुलीचे अब्बा पुढच्या आठवड्यात शाळेत येणार आहेत. त्यांना मी एवढेच सांगणार आहे: भाईसाहब, मुलीला थांबवू नका. पहिले काही दिवस तिच्याबरोबर मैदानावर जा, आणि तिच्या हातावर कुणी काही ठेवले तर ते काय आहे, हे तिथेच विचारा.