मूल वाढते, ताब्याचा करारही बदलावा

आईवडिलांची फारकत झाली, की मुलाचा ताबा कोणाकडे आणि भेट कोणत्या वारी हे कागदावर ठरते. मूल तीन वर्षांचे असताना झालेला करार ते दहा वर्षांचे झाले तरी तसाच चालतो. वजन वाढले की औषधाची मात्रा आपण बदलतो. मग कराराचीच मात्रा कायम का?

भेटीच्या आदल्या रात्री पोट दुखणे, जेवण टाकणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागणे, अशी लक्षणे दिसल्यास मुलाला प्रथम डॉक्टरांना दाखवावे. शारीरिक कारण सापडले नाही तर मनावरचा ताण असू शकतो. मात्र ‘त्या घरी छळच होतो’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. कधी दिंडोरी-नाशिक हेलपाटे, बुडणारी शाळा, नाहीतर द्राक्षांच्या हंगामात घरी कोणी नसणे, एवढेच कारण असते. मारहाणीची शंका आल्यास मात्र न थांबता १०९८ या क्रमांकावर कळवावे.

संमतीने झालेला करार बदलत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार ताब्याचा हुकूम न्यायालय वेळोवेळी बदलू शकते. असे हुकूम कायमचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मुंबईच्या एका प्रकरणात सांगितले. संमतीने ठरलेल्या ताब्यालाही हेच लागू पडते, हे त्याच न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. परिस्थिती बदलली आहे आणि बदल मुलाच्या हिताचा आहे, हे मात्र दाखवावे लागते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की रागाच्या भरात आपल्या मनाने भेटी बंद करू नका. न्यायालयात अर्ज करा. ‘अमुक लिहून द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका; प्रमाणपत्रात जे तपासले तेच यावे. समजत्या वयाच्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. त्याला पढवून पाठवू नका. पढवलेल्या मुलाला दोन्ही घरी अपराध्यासारखे वाटते.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. नवराबायकोचे नाते कागदावर संपते. मुलाचे आईबाप मात्र दोघेही राहतातच.