नीलपंखाची मोजदाद कोणी करावयाची?

२०१८ साली वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला आपल्या शहराचा पक्षी म्हणून निवडले. बहार नेचर फाउंडेशन या स्थानिक संस्थेने त्यात पुढाकार घेतला होता. पुढे २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि सर्वत्र आढळणाऱ्या, पण झपाट्याने घटत चाललेल्या पक्ष्यांत याच नीलपंखाचे नाव निघाले.

हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी वेतनावाचून केलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. रीत साधी आहे. निदान पंधरा मिनिटे, दिसेल व ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी मोजून यादी करावयाची. मग शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात आढळली, हे प्रमाण वर्षानुवर्षे ताडून पाहिले जाते. म्हणजे न दिसलेला पक्षीही हिशेबात येतो. (या नोंदी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या भांडारात साठतात. एवढ्या लोकश्रमाला स्वदेशी सार्वजनिक कोठार लाभू नये, ही खंत आहेच.)

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे नमुन्याचा प्रश्न पडतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत कोणते गाव घ्यावयाचे हे पाहणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही. आपला स्वयंसेवक मात्र रविवारी सवड असलेला, दुर्बीण बाळगणारा, बहुधा शहरी. तो तळ्याकाठी जातो, बोरच्या जंगलात जातो. कपाशीच्या धुऱ्यावर क्वचितच उभा राहतो. नीलपंख तर तेथेच, तारेवर बसून नाकतोडे व भुंगेरे टिपत असतो.

त्याच शेतात फवारणी होते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. जे विष माणसाला मारते ते पाखराला सोडील, असे मानण्यास आधार नाही. तथापि घटीचे कारण संतापाने सिद्ध होत नसते; त्यासाठी शेतातल्या नोंदी हव्यात. गिधाडांची घट भरतपूरच्या मोजणीतून उघड झाली, २००४ साली डायक्लोफेनॅक हे औषध कारणीभूत ठरले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. मोजणी नसती तर बंदीची मागणी कशाच्या बळावर केली असती?

निंदणाला जाणारी मजूर स्त्री आणि गुराखी वर्षातील बहुतेक दिवस त्या धुऱ्यावर असतात. त्यांना गणनेत घ्यावयाचे तर मराठी नावांची सचित्र यादी हवी, कागदी वही हवी, आणि रोज बुडत असेल तर त्याची भरपाईही हवी. विनामूल्य सेवा पोट भरलेल्यालाच परवडते. गरिबाकडून ती मागणे म्हणजे नवी वेठच. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावयास हवी. आर्वी, हिंगणघाट, सेलू येथील आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून ती वही पाहावयास मागावी आणि मोजणीच्या रोजासाठी तरतूद करवून घ्यावी. ५ नोव्हेंबरपासून राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. पहिली यादी तेव्हाच, वेचणीच्या शेतात करता येईल.