वंशावळीत नसलेली माणसं

सध्या आमच्या घरात वंशावळीचं वारं शिरलंय. पुतण्या संगणकावर घराण्याचं झाड काढतोय. हाताशी जुना छापील कुलवृत्तांत आहे. त्यात आठ पिढ्या आहेत, पण सगळ्या पुरुषांच्या. बायका असल्याच तर सासरच्या नावाने, म्हणजे लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठीने लिहिलेल्या नावाने!

आमची आजी धारवाडची, कानडी घरातली. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. तिकडच्या सोयरिकींचं आमच्या सांगलीकडे कुणाला नवल नव्हतं. आजी हिशेब मराठीत करायची आणि रागवायची कानडीत. कुलवृत्तांतात ती नुसती 'लक्ष्मीबाई'. तिचं माहेरचं नाव आम्हाला कळलं ते पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका फोटोच्या मागे कुणीतरी कानडीत लिहून ठेवलं होतं म्हणून.

धाकट्या काकूची तर तेवढीही नोंद नाही. ती ख्रिश्चन. १८७२ च्या कायद्याने असं लग्न करायचं तर दोघांनाही 'आम्ही आपला धर्म मानत नाही' असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट गेली आणि पुढच्याच वर्षी काकांनी लग्न केलं. कुलवृत्तांत त्यानंतर छापला गेला, तरी काकांच्या नावापुढे जागा कोरीच. फोटोत मात्र ओसरीवर काका, काकू आणि दोन्ही मुली छान हसताहेत.

आता घरातले काहीजण म्हणतात, "जुनं कशाला उकरायचं? उद्या नातवंडांच्या स्थळांना अडचण यायची." मला हे पटत नाही. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा दीड वर्ष तिचं सगळं काकूने केलं. तेव्हा तिचा धर्म कुणाला आडवा आला नाही, मग कागदावर का यावा?

पूर्वी वंशावळ लागायची ती वतन, वारसा आणि सुतक ठरवायला. त्यामुळे ती मुलग्यांचीच असायची, हे समजू शकतं. पण वतनं केव्हाच गेली. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. मिळकतीत आहे तर झाडावर का नको?

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, गाव आणि घरी बोलायची भाषा लिहावी. मुली आणि त्यांची मुलंही लिहावीत. झाड थोडं वेडंवाकडं दिसेल, दिसू दे. खरी झाडं तशीच असतात.

आणि नातेवाईकांनो, ट्रंकेतले फोटो बाहेर काढा. पेन नको, शिसपेन्सिलीने हलक्या हाताने मागे नावं लिहा. ओळखणारी आम्ही चार-दोनच माणसं उरलो आहोत.