फक्त फांद्या छाटायच्या होत्या

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक सूचना लागते. "पावसाळ्यापूर्वी आवारातील झाडांच्या फांद्या छाटावयाच्या असल्याने सभासदांनी आपापली वाहने हलवावीत." भाषा दर वर्षी तीच, तारीख तेवढी बदलते. मला ती वाचली की पोटात गोळा येतो. का, ते सांगतो. आणि हो, यात मीही दोषी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

कल्याणात आमची इमारत 1986 सालची. कुंपणालगत एक रेन ट्री होता, इमारतीच्याच वयाचा. पर्जन्यवृक्ष म्हणतात ना, तोच. संध्याकाळी पानं मिटून घेणारा, उन्हाळ्यात गुलाबी तुऱ्यांनी भरणारा. त्याच्या सावलीत, गेटच्या बाहेर, इस्त्रीवाल्या काकांचं टेबल. 2019 च्या एप्रिलमध्ये कमिटीची मीटिंग झाली. तक्रारी नेहमीच्याच. चिकट शेंगा गाड्यांवर पडतात, कावळे घाण करतात, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये दिवसा दिवा लावावा लागतो. शिवाय पावसाची भीती. ठराव आला, "फांद्या छाटणे". हात वर करणाऱ्यांत मी होतो. फांद्याच तर छाटायच्यात, झाड कुठे तोडायचंय!

रीतसर अर्ज केला. पाहणी झाली. धोकादायक फांद्या छाटायची परवानगी मिळाली. इथवर कुणाचीच काही चूक नाही.

मग रविवारी सकाळी ठेकेदाराची माणसं आली. सेक्रेटरींनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "एक पैसा घेणार नाही तो, लाकूड त्याचं." सगळ्यांनी मान डोलावली. त्या क्षणी एकाच्याही डोक्यात हा साधा हिशेब आला नाही, की ज्याची मजुरी लाकडात मिळणार, तो कमी का कापेल? पातळ फांद्यांना बाजारात विचारतो कोण? भाव जाडजूड ओंडक्याला. मी पेपर वाचून, अंघोळ करून खाली उतरलो तेव्हा झाडाच्या जागी एक खांब उभा होता. वर तीन थोटकं. टेम्पो भरलेला. इस्त्रीवाले काका टेबल घेऊन भर उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र खूष, भरपूर उजेड आला.

वाटलं, झाडाचं काय, पावसात परत फुटेल. आणि खरंच फुटलं की! जुलैत थोटकांवर हिरवेगार कोंबच कोंब. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, उगाच काळजी करत होतात."

त्यानंतर मी थोडं वाचलं (जे हात वर करायच्या आधी वाचायला हवं होतं). अ‍ॅलेक्स शायगो नावाचे अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो खोडं उभी चिरून आतली कीड कशी पसरते ते पाहिलं. आपली जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड फक्त त्या भागाला आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं न दुखवता, त्याच्या लगत बाहेरून कापलं, तर ही भिंत नीट उभी राहते. मोठी फांदी असेल तर आधी खालून एक छेद, मग थोडं पुढे वरून दुसरा, आणि वजन उतरल्यावर शेवटचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. आणि एका वेळी पाव हिश्शाहून जास्त पालवी काढायची नाही. मधूनच थोटकं ठेवून शेंडा उडवला, तर कापलेलं टोक कुजत जातं आणि नवे कोंब त्या कुजणाऱ्या लाकडाच्या फक्त वरच्या थरातून येतात. दिसायला हिरवेगार, पण पकड वरवरची. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे, मांडीएवढे होतात आणि मग वाऱ्याची वाट बघतात. म्हणजे पावसाळ्यात फांदी पडू नये म्हणून आम्ही जे केलं, त्यानं पडणाऱ्या फांद्यांचा कारखानाच सुरू केला.

तो वारा 17 मे 2021 ला आला. तौक्ते. दुपारी आमच्या त्या "बघा, फुटलं की" फांद्यांपैकी एक मोठी फांदी, बुडाशी कुजलेल्या थोटकासकट, बरोबर इस्त्रीच्या टेबलावर आली. टेबलाचे दोन तुकडे. लॉकडाऊनमुळे काका गावी गेलेले होते, म्हणून वाचले. एरवी त्या वेळी ते तिथेच डबा खात बसलेले असायचे. मी फोन करून सांगितलं तर टेबलाचं काहीच विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, "पेड बचा है क्या, साहब?"

झाड वाचलं नाही. आता ते खरोखरच धोकादायक झालं होतं, पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी तोडायचीच परवानगी मागितली. ती मिळायलाच हवी होती. पण ते धोकादायक केलं कुणी, हे अर्जात लिहायला रकानाच नव्हता.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. अर्ज, वृक्ष अधिकाऱ्याची पाहणी, झाडावर नोटीस, हरकती, वृक्ष प्राधिकरणाचा निर्णय, सगळं त्यात आहे. आणि "झाड तोडणे" याची व्याख्या तर फार छान आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच मोडतं. म्हणजे आमचा खांब ही कायद्याच्या भाषेत तोडच होती. पण हातात "छाटणी"चा कागद होता ना! माझं भांडण इथेच आहे. छाटायचं की नाही, यावर इतका खल. कसं छाटायचं, कोण छाटणार, किती छाटणार, लाकूड कुणाचं, यावर चकार शब्द नाही. परवानगी मिळाली की सगळ्यांचं काम संपलं, ते झाडाचं मात्र तिथूनच सुरू होतं.

माझे काही मित्र म्हणतात, ही परवानगीची भानगडच काढून टाका, आमच्या आवारातलं झाड, आमचं आम्ही बघू. त्यांना मी आमचा फोटो दाखवतो. परवानगी असताना आम्ही हे केलं, नसती तर शेंगांच्या डागांवरून झाड मुळासकट गेलं असतं. तर काही जण एका पानालाही हात लावू देत नाहीत. त्यांनी 2017 चा जुलै आठवावा. चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड पडलं, त्या गेल्या. ते झाड काढा म्हणून आधीच अर्ज केला होता, असं रहिवाशांचं म्हणणं होतं. माणूस गेल्यावर कोणत्या तोंडानं सावलीचे गोडवे गाणार?

बरं, उशीर होतो म्हणून ओरड करणारे आपण अर्ज करतो कधी? मे महिन्यात! मूळ कायद्यात निर्णयाला साठ दिवस दिलेत. मेच्या मध्यावर अर्ज दिला तर साठ दिवस भरतात जुलैच्या मध्यावर, धो धो पावसात. आणि एप्रिल-मे म्हणजे कावळ्यांची घरटी, पाऊस पडला की बगळ्यांची. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटी नि अंडी मोडणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे आमच्या मीटिंगमध्ये कुणाच्या गावीही नव्हतं. दिवाळीनंतर अर्ज द्या, जानेवारीत छाटा. पण जानेवारीत झाडाची भीती कुणाला वाटते?

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आरेत रातोरात करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबरला थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अश्रूंचा पूर. डीपी हिरवे झाले. सेक्रेटरींनी "झाडं म्हणजे आपली फुप्फुसं" असा मेसेज टाकला. मीही टाकला एक. खिडकीतून तो खांब दिसत होता. मेट्रोवाल्यांना जाब विचारू नये असं मी म्हणत नाही, जरूर विचारावा. पण आरेतल्या झाडासाठी हायकोर्टाची पायरी चढणारे लोक होते, आमच्या झाडाच्या बाजूनं मीटिंगमध्ये एक हातसुद्धा नव्हता.

असो. कुंपणालगत आता एक सोनमोहर आणि एक बदाम उरलाय. यंदाही सूचना लागलीय. परवा सेक्रेटरींना पत्र देऊन आलो. लाकडावर काम द्यायचं नाही, मजुरी रोख द्यायची. कोणत्या फांद्या, ते आधी चुन्यानं खूण करून ठरवायचं. घरटं असेल ती फांदी ठेवायची. कापताना कमिटीतला एक जण खाली उभा हवा. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मजुरी प्रत्येक फ्लॅटमागे दोनशे रुपये येईल. लोक देतील का? आणि खाली उभं कोण राहणार?"

दोनशे रुपयांचं मीटिंगमध्ये बघू म्हटलं. रविवारी सकाळी सातला मी खाली असेन. इस्त्रीवाले काकाही येतो म्हणालेत, त्यांचं टेबल आता सोनमोहराखाली असतं.